एका बादलीचं पाणी

अंकुश कधी बसत नसे. हे विधान मी जपून करते, कारण निरीक्षणावरून निष्कर्ष काढताना अपवाद शोधायची मला सवय आहे. या बाबतीत मला एकच अपवाद सापडला, आणि तो शेवटी येईल.

बाकी मी त्याला पाहिलं ते उभंच. दवाखान्याच्या आवारातल्या कडुनिंबाखाली, ढाब्यामागच्या शेडमध्ये, जत्रेच्या माळावर. एका पायावर सगळा भार आणि दुसरा गुडघ्यात सैल सोडलेला. घोडा असाच विसावतो. त्याच्या पायांच्या सांध्यांत जणू एक कुलूप असतं; ते लागलं की स्नायूंना न शिणवता त्याला उभ्यानं डुलकी घेता येते. माणसाच्या पायात अशी सोय नाही. हे मी अंकुशला एकदा सविस्तर समजावून सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "असंल म्याडम. पन बसलं की लोक काम सांगतेत."

माझी पहिली नेमणूक सेनगाव तालुक्यातल्या एका पशुवैद्यकीय दवाखान्यात झाली होती. तिथे फार काळ राहायचा माझा विचार नव्हता. मला जिवाणूशास्त्रात संशोधन करायचं होतं. ती संधी मिळेपर्यंत म्हशींचे गर्भ तपासायचे आणि शेळ्यांना लसी टोचायच्या, इतकी साधी माझी योजना होती. त्या योजनेत घोडा नव्हता, आणि सोळा-सतरा वर्षांचा, कुठेच न रुजलेला मुलगा तर नव्हताच.

अंकुश पुसेगावच्या पलीकडच्या एका तांड्यातला. आईबाप दिवाळीनंतर ऊस तोडायला जात ते उन्हाळ्यातच परत येत. नववीत त्याची शाळा सुटली. मग तो वडापच्या जीपमागे लोंबकळत प्रवासी भरी, मळणीयंत्रावर सोयाबीनची पोती शिवी, ढाब्यावर ताटं विसळी. काम सोडताना तो भांडत नसे. दुसऱ्या दिवशी तो दुसरीकडे उभा दिसे, एवढंच. आमच्या दवाखान्यातले परिचर किसनमामा म्हणत, "हे पोरगं म्हंजे बिनदाव्याचं वासरू हाय. कोनाच्याबी दावनीला उभं ऱ्हातं, पन बांधून घेत न्हाई."

या मोकळेपणाची किंमत मात्र एका ठिकाणी होती. आमच्या भागात सोयाबीन निघालं की जत्रांमधून घोड्यांचा पट भरतो. नांगरून सपाट केलेल्या माळावर सरळ रेषेत घोडे पळवायचे, हा पट. त्याचा एक रिवाज आहे. शर्यतीआधी सगळ्या घोड्यांना एकाच बादलीतलं पाणी पाजायचं. पूर्वी कोणीतरी कोणाच्या तरी घोड्याच्या पाण्यात काही कालवलं, त्यावरून डोकी फुटली, आणि तेव्हापासून हे ठरलं असं सांगतात. सगळ्यांचं तोंड एका बादलीत गेलं की संशयाला जागा उरत नाही. पहिला मान पाहुण्या गावच्या घोड्याचा, यजमानाचा घोडा शेवटी. आणि त्या सगळ्यांच्याही आधी बादली धरणाऱ्यानं स्वतः एक ओंजळ प्यायची. बादली धरणारा असा हवा, की ज्याचं कोणत्याच घोड्याशी आणि कोणत्याच घराशी नातं नाही. पंच म्हणत, "ज्याचं कोनी न्हाई, त्याच्या हातचं पानी खरं."

अंकुशचं कोणी नव्हतं असं नाही. पण जे होते ते पटाच्या दिवसांत जिल्ह्यात नसत, आणि पंचांना तेवढं पुरत होतं. पत्र्याची ती बादली दोन हंगाम त्याच्याकडेच होती.

घोडा आणला बाबाराव शेटनं. हिंगोली रस्त्यावर त्याचा ढाबा होता, दारात दोन जेसीबी उभे असत, आणि पटाच्या मैदानात आपला घोडा नाही याची त्याला खंत होती. कुठल्याशा यात्रेच्या बाजारात एका व्यापाऱ्यानं त्याला हैदराबादकडच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेला घोडा विकला. गडद तांबडा रंग, काळी आयाळ, आमच्याकडच्या घोड्यांपेक्षा हातभर उंच. त्याचं मूळ नाव हातोहात फिरताना हरवलं होतं. शेटनं त्याला सुलतान म्हटलं.

पहिल्याच पटात सुलतान जागचा हलला नाही. पंचानं गमछा खाली टाकला, बाकीचे घोडे धुरळा उडवत निघून गेले, आणि हा कान टवकारून रेषेवर उभा. माळावर हशा पिकला. "शेट, घोडा आनला का फोटू?" कोणीतरी ओरडलं. शेटनं चाबूक उचलला, तेव्हा हातातल्या बादलीसकट अंकुश मध्ये येऊन उभा राहिला.

"मारू नका शेट. त्याला अजून कोनी सांगितलंच न्हाई."

"काय सांगायचं बे?"

"पळ म्हनून."

त्या दिवसापासून अंकुश ढाब्यामागच्या शेडमध्ये राहू लागला. शेटनं त्याला मजुरीवर ठेवलं नाही. दोन वेळचं जेवण आणि घोड्याशेजारी अंथरूण, एवढ्यावर भागलं. कोणी विचारलं तर शेट सांगे, "पोरगं माहं न्हाई. ऱ्हातं आपलं." या वाक्यात शेटचा फायदा होता. अंकुश त्याचा नोकर ठरला असता, तर बादली दुसऱ्याच्या हातात गेली असती.

माझ्याकडे तो पहिल्यांदा आला तो खुरात खिळा रुतलेला घोडा घेऊन. मी विचारलं, घोडा कधीपासून लंगडतो? त्यानं मान डावीकडे वळवून घोड्याकडे पाहिलं, त्याचा कान हलेपर्यंत थांबला, आणि मग म्हणाला, "साहेब म्हनतेत, कालच्यापासून."

"साहेब कोण?"

"हेच. आधी खात न्हाईत, आधी पेत न्हाईत, उभ्याउभ्या झोपतेत, अन हाक मारली तर मान फिरवत न्हाईत. तहसीलातले सायेब असेच असतेत ना?"

किसनमामा खिळा काढता काढता हसले आणि खिळा परत आत गेला.

मान डावीकडे वळवायची ही लकब पुढे मला रोजची झाली. जेवलास का, घरी कधी गेला होतास, शाळेत परत जातोस का, कोणताही प्रश्न असो. आधी घोड्याचा सल्ला, मग उत्तर. नको असलेल्या प्रश्नाला त्याचं उत्तर ठरलेलं असे: "साहेब न्हाई म्हनतेत." घोडा नेहमी त्याच्या डाव्या हाताला असायचा. तो नसतानाही अंकुश मान तिकडेच वळवी.

एकदा त्यानं मला एक शोध सांगितला. तो सहज शीळ वाजवत होता, हळू, एकसुरी, लांबलचक. आणि साहेबांनी पाय फाकवून लघवी केली. पुन्हा वाजवली, पुन्हा तेच. मी त्याला कारण सांगितलं. रेसकोर्सवर शर्यत संपली की घोड्याची लघवी तपासतात, त्याला काही उत्तेजक दिलं होतं का ते पाहायला. सांभाळणारे घोड्यांना लहानपणापासून शिळेवर लघवी करायची सवय लावतात. ती शीळ ऐकली की घोड्याला कळतं, पळणं संपलं, आता शांत उभं राहायचं.

"म्हंजे तिथंबी बेमानी तपासतेत," अंकुश म्हणाला. "फकस्त ते मागून तपासतेत, आन आमी पुढून."

घोडा पटात का पळत नाही, याचा उलगडा माझ्या मावसभावाच्या लग्नात झाला. आमच्या बौद्ध समाजातल्या नवरदेवानं घोड्यावर बसून गावातून जावं की नाही, यावर काही जुन्या मंडळींनी आदल्या दिवशी ओट्यांवर बसून कुरकुर केली होती. "जीप हाय ना, मंग घोडा काहून?" इतपतच, पण ऐकू येईल अशी. शेटनं घोडा दिला तो भाड्यापायी. अंकुश लगाम धरून चालत होता, मावसभाऊ फेट्याखाली घामाघूम झाला होता, आणि वरात गावाच्या मुख्य रस्त्याला लागली. तेवढ्यात डीजेच्या ट्रॉलीचा मागचा लोखंडी फाळका सुटून धाडकन खाली आपटला. पुढच्या क्षणी साहेब नव्हते. नवरदेवही नव्हता. ज्यांनी कुरकुर केली त्यांच्या ओट्यांसमोरून घोडा अशा वेगानं गेला, की कोणाला हरकत घ्यायला सवडच मिळाली नाही. गावाबाहेर, पेट्रोल पंपाच्या पलीकडे, अंकुशनं धावत जाऊन त्यांना गाठलं. मावसभाऊ आयाळीला मिठी मारून शाबूत होता. फेटा सापडला नाही. आजही तो सांगतो, की आपल्या गावात आपल्याइतक्या जोरात कोणाचीच वरात गेली नाही.

मी अंकुशला म्हटलं, रेसकोर्सवर घोडे लोखंडी फाटकांमागे उभे करतात, आणि ती फाटकं खडकन एकदम उघडतात. हा घोडा गमछा पाहून पळणार नाही, तो आवाजाची वाट पाहतो. अंकुशनं मान डावीकडे वळवली. या वेळी तो बराच वेळ तसाच होता.

पुढच्या पटात त्यानं पंचांना सुचवलं, की गमछा मागच्या लोकांना दिसत नाही, भांडणं होतात. त्यापेक्षा मी रिकामी बादली दगडानं वाजवतो, ती वाजली की सुटायचं. पंचांना ते पटलं. बादली वाजली. साहेब असे निघाले, की शेटचा पुतण्या, जो वर बसला होता, त्याला पुढे कितीतरी वेळ नीट बोलता येत नव्हतं. त्यानंतर त्या हंगामात शेटचा घोडा एकही पट हरला नाही. मोबाईलवर त्याचे व्हिडिओ फिरले. त्यात पुतण्या दिसतो, शेट दिसतो, गुलाल दिसतो. अंकुश कशातच नाही. घोड्यावर बसायचं तर बादली सोडावी लागली असती, आणि बादली दुसऱ्याच्या हातात गेली असती तर पुन्हा गमछा आला असता. घोड्यासाठी काही करायचं, तर आपण घोड्याचे कोणी नाही असं चारचौघांत राहायला हवं, हे त्यानं पक्कं समजून घेतलं होतं. पहाटे मात्र माळावर कोणी नसताना तो खोगिराविना स्वार होई. मी एकदाच पाहिलं आहे, पुसेगावला जाणाऱ्या एस.टी.च्या खिडकीतून. तेव्हाही त्याला बसलेला म्हणता आलं नसतं. घोड्याच्या पाठीवरून तो अर्धा उठलेला होता.

दिवाळीनंतर त्याची आई त्याला न्यायला आली. आडव्या बांध्याची, हातात बलोयांच्या, रुंद पांढऱ्या बांगड्यांच्या, ओळी असलेली बाई. ऊसतोडीला जोडीनं काम लागतं, बापाच्या कमरेनं दगा दिला होता, आणि मुलगा इथे घोड्याची लीद काढत होता. ती मला म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या हायता, तुमी सांगा याला. आमच्या पुरख्याइनं बैलाच्या पाठीवर मीठ वाहिलं, धान्य वाहिलं. बैलानं आमाला पोसलं. घोडा आमच्या जातीला कधी पावला न्हाई."

"याडी," अंकुश म्हणाला. त्यांच्यात आईला याडी म्हणतात. "एवढा हंगाम. साहेब एकले पडतीन."

"अन तुहा बाप?"

त्यानं मान डावीकडे वळवली. आईनं ते पाहिलं, पदर खोचला, आणि टेम्पोकडे निघाली. जाताना तिनं घोड्यापुढे एक भाकर ठेवली. साहेबांनी ती हुंगली आणि खाल्ली नाही.

थंडी संपता संपता घोड्याचं नाक वाहू लागलं. एकाच नाकपुडीतून, घट्ट, पिवळट. शेट म्हणाला सर्दी. शेडमध्ये ओवा-हळदीची धुरी दिली गेली. मला बोलावलं तेव्हा मागच्या पायाच्या आतल्या बाजूला गाठींची एक माळ आली होती, आणि त्यातली एक फुटली होती. मी हातमोजे चढवले, अंकुशला दूर उभं केलं आणि रक्त घेतलं. पुस्तकात पाहिलेलं चित्र प्रत्यक्षात दिसलं की अभ्यासू माणसाला क्षणभर आनंद होतो. तो झाला, आणि लगेच गेला.

या रोगाला ग्लँडर्स म्हणतात. घोड्यांचा जुना रोग आहे. माणसालाही होतो आणि मारू शकतो. तपासणी परराज्यातल्या प्रयोगशाळेत होते. तोवर मी पटातल्या सगळ्या घोड्यांचं रक्त पाठवलं होतं. अहवाल आला. दोन घोड्यांना लागण होती: साहेब, आणि कळमनुरीकडची एक घोडी. अशा घोड्यावर उपचार करायला परवानगी नाही. त्याला मारायचं, खोल पुरायचं, वर चुना टाकायचा.

ढाब्यासमोर पंच, शेट आणि घोडेवाले जमले. मी त्यांना रोग कसा पसरतो ते सांगितलं. नाकातला स्राव पाण्यात किंवा चाऱ्यात पडतो. तेच पाणी दुसरा घोडा पितो. हवेतून फारसा नाही, मुख्यतः असाच.

मागून आवाज आला. "बादलीनं?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. अंकुश कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभा होता.

"बादलीनं झाला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त," मी म्हटलं.

"पयल्या मानाची कळमनुरीचीच घोडी व्हती. पाहुनी. पांढरी." तो कोणाकडेच पाहत नव्हता. "नाक वाहत व्हतं तिचं. म्या फडक्यानं पुसलं. अन मंग पाजलं."

पंचांपैकी एक जण म्हणाला, "रिवाज हाय बा तो. त्याच्यात पोराचा काय दोस." अंकुशनं ते ऐकलं की नाही मला सांगता येणार नाही.

शेटच्या मनात काय चाललं होतं ते लवकरच कळलं. विदर्भातला एक व्यापारी दुपारी टेम्पो घेऊन येणार होता. रोगाची बातमी फुटायच्या आत घोडा पलीकडे गेला की शेट मोकळा. किसनमामांनी हे मला कानात सांगितलं. आम्ही ढाब्यावर पोचलो तेव्हा टेम्पो उभा होता, शेट शिव्या देत होता, आणि शेड रिकामी होती. जेवणं होऊन सगळे पेंगत असताना अंकुश घोडा घेऊन गेला होता.

तो कुठे गेला असेल हे शोधायला फार विचार करावा लागला नाही. ज्याला जायला एकच जागा आहे, तो तिथेच जातो. तांडा बंद होता. घराघरांना कुलपं, अंगणांत वाळकी पानं. एक-दोन म्हातारी माणसं आणि त्यांच्या शेळ्या, एवढीच वस्ती. घोडा तांड्यापासून लांब, एका पळसाला बांधलेला होता. हापशाकडे त्यानं घोडा नेलाच नव्हता. घरातली प्लास्टिकची घागर भरून तो पाणी आणत होता, आणि घोडा प्यायला की उरलेलं खड्डा करून त्यात ओतून वर माती लोटत होता. मी सांगितलेला प्रत्येक शब्द त्यानं पाळला होता, फक्त शेवटचा सोडून.

"तिथंच थांबा म्याडम," तो म्हणाला. मी थांबले. किसनमामाही थांबले.

"इथं कोनीच येत न्हाई. पावसाळ्यापर्यंत म्या याला हितंच ठिवतो. एकला. मंग व्हईल का बरा?"

"नाही."

"अन मला झाला तर? मलाबी खड्ड्यात घालनार का?"

"नाही. माणसाला औषध आहे. बरेच महिने घ्यावं लागतं, पण आहे."

"तेच औषध त्याला?"

"कदाचित लागू पडेलही. पण देत नाहीत."

"काहून?"

"तो बरा झालेला दिसेल. नाक थांबेल, गाठी वाळतील. पण रोग आत राहील. मग तो ज्या पाण्याला तोंड लावेल, त्या पाण्यातून तो दुसऱ्याला देईल. त्याला स्वतःला ते कळणारही नाही."

त्यानं मान डावीकडे वळवली. साहेबांचं डोकं खाली होतं आणि नाकातून तार लोंबत होती. तांड्यातली एक शेळी चरत चरत पळसाच्या दिशेनं येत होती. अंकुशनं एक ढेकूळ उचलून तिच्यासमोर मारलं. ती थबकली, मग पुन्हा येऊ लागली. त्यानं दुसरं मारलं. ती पुन्हा येऊ लागली. असं किती वेळ चालतं ते आम्ही तिघंही पाहत होतो.

"पावसाळ्यापर्यंत न्हाई हाकलता येनार," तो अखेरीस म्हणाला. मग विचारलं, "दुखंल का?"

"सुई टोचल्याचं. नंतर नाही."

"टेम्पोत न्हाई घालायचा. चालवत आनतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेटच्या माळावर शेटच्याच जेसीबीनं खड्डा खोदला. आम्ही सगळे पांढऱ्या पोशाखात होतो, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले, तोंडाला मास्क, डोळ्यांवर चष्मे. अंकुशलाही मी तसाच पोशाख चढवायला लावला. त्याशिवाय घोडा धरू देणार नव्हते. साहेबांनी पांढरी माणसं पाहिली आणि ते बिथरले. अंकुश जवळ गेला, त्यांनी त्याला हुंगलं. प्लास्टिकचा वास. ते मागे सरले. अंकुशनं हाक मारली; मास्कमधून त्याचा आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी आला. दोर ताणला गेला. मी औषधाची पिचकारी भरून उभी होते आणि शीर सापडणं अशक्य होतं.

तेव्हा त्यानं मास्कच्या आतून शीळ वाजवली. हळू, एकसुरी, लांबलचक.

साहेबांचे कान हलले. त्यांनी मान खाली आणली, पाय फाकवले आणि लघवी केली. मग शांत उभे राहिले. पळणं संपलं की असंच उभं राहायचं, हे त्यांना कुणीतरी, कुठेतरी, फार पूर्वी शिकवलेलं होतं. शीळ थांबली नाही. मला शीर लगेच मिळाली.

घोडा उजव्या अंगावर पडला. जेसीबीचा ड्रायव्हर यंत्र सुरू करेना, कारण अंकुश खड्ड्याच्या काठावरून हलत नव्हता. किसनमामांनी त्याला हाताला धरून मागे घेतलं. चुना पडला, मग माती.

पंचनाम्याला तटस्थ साक्षीदार लागत होता. घोड्याशी किंवा मालकाशी संबंध नसलेला. शेटनं इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "हे पोरगं हाय ना. हे माहं न्हाई." अंकुशनं सही केली. अक्षर शाळकरी, वेलांट्या नीट दिलेल्या.

संपर्कातल्या माणसांचंही रक्त तपासलं गेलं. अंकुशचा अहवाल स्वच्छ आला. मी मुद्दाम जाऊन सांगितलं. मला वाटलं होतं ही चांगली बातमी आहे.

"मला न्हाई झाला?"

"नाही."

"पयली वंजळ तर म्याच पेत व्हतो. परत्येक बारीला." त्याचा आवाज चढला नव्हता, पण तो एखाद्या चुकीचा जाब विचारावा तसा बोलत होता. "त्याच बादलीतलं. मंग त्याला झाला अन मला काहून न्हाई?"

मी त्याला सांगितलं, की तू पहिली ओंजळ घेत होतास, म्हणजे घोड्यांच्या आधी. तेव्हा पाणी अजून स्वच्छ असायचं. हे तर्काला धरून होतं. त्यानं मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी तो ढाब्यावर नव्हता.

यानंतर तो कुठे होता, याबद्दल मी नुसतं ऐकलं आहे. कोणी म्हणे आईबापांकडे ऊसतोडीला गेला. कोणी त्याला नांदेडच्या स्टेशनवर पाहिलं. पुढे मला संशोधनाची जागा मिळाली, मी जिल्हा सोडला, आणि किसनमामांच्या फोनवरच्या बातम्याही हळूहळू थांबल्या. मी स्वतः त्याला पाहिलं ते शेवटचं, निघायच्या आधीच्या जत्रेत.

पट पुन्हा भरला होता. सगळ्या घोड्यांचं रक्त तपासून झालं होतं. पंचांना मी बजावलं होतं, की प्रत्येक घोड्याची बादली वेगळी. "व्हय म्याडम, बराबर," ते एका सुरात म्हणाले होते, आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नव्हता. म्हणून मी शर्यतीआधीच पोचले. माळाच्या टोकाला, रेषेपाशी, घोळका जमला होता. घोडे खूर आपटत होते, पाण्याचा टँकर उभा होता, आणि वेगळ्या बादल्या मात्र कुठेच दिसत नव्हत्या.

घोळक्याच्या मध्ये अंकुश होता. अंगानं आणखी वाळलेला, खालचा ओठ फुटलेला. कोणीतरी आधीच एक ठेवून दिली असावी. पत्र्याची ती बादली त्यानं जमिनीवर पालथी घातली होती आणि तिच्यावर तो बसला होता. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, दोन्ही हातांनी बुडाची कड धरून, माणसं बसतात तसा.

"उठ बे," पंच म्हणत होता. "पाहुन्याचा घोडा ताटकळून राहिला. मान हाय त्याचा पयला."

"बादली दे गुमान."

"याला काय झालं, लेकाच्याला? घोडा गेला तवापासून डोकं फिरलं याचं."

शेट मागे उभा होता. त्याच्याकडे कोणीतरी पाहिलं, तेव्हा तो म्हणाला, "माहं न्हाई ते."

एका घोडेवाल्यानं चाबकाचा दांडा उलटा धरला. मी माणसं बाजूला सारत पुढे निघाले होते, पण गर्दी दाट होती.

"शेवटचं इचारतो," पंच म्हणाला. "उठतो का न्हाई?"

अंकुशनं मान डावीकडे वळवली. तिथे माळ होता, धुरळा होता, आणि कोणीही नव्हतं. एखाद्या घोड्याचा कान हलायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ तो थांबला. मग त्यानं पंचाकडे पाहिलं.

"साहेब न्हाई म्हनतेत," तो म्हणाला.